सोलापूरच्या माळावर मातीतले कीटक मोजायचे तर

प्रश्न सोलापुरातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा प्रकल्प, विषय ठरलाय 'उष्णकटिबंधीय वनाच्या मातीतील कीटकांची विविधता'. भोवतीचे सगळे सांगतात, "सोलापुरात कसलं आलंय जंगल, आंबोलीला नाहीतर कोयनेला जा." हातात दहा महिने आहेत, पैसे बेताचे. सापळे कोणते, किती, कधी लावायचे, आणि प्रत्येक किडा जातीपर्यंत ओळखलाच पाहिजे का, असं तिनं विचारलंय. मी वीसेक वर्षं मातीतल्या जिवांचंच काम करते, त्यातली बरीचशी सोलापूर-धाराशिवच्या माळावर गेली. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आधी आंबोलीचं. फिरायला जरूर जा, नमुने घ्यायला जाऊ नका. वर्षातून तीन-चार खेपा, दर खेपेला मुक्काम, आणि येताना ओल्या मातीच्या पिशव्या. सोलापुरात पोचेपर्यंत पिशवीतली निम्मी वस्ती गुदमरलेली असते. शिवाय उष्णकटिबंधीय वन म्हणजे जळवा, शेवाळ आणि डोक्यावर गच्च पानं, हे डोक्यातून काढून टाका. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये केलेल्या भारतातल्या वनांच्या वर्गीकरणात उष्णकटिबंधीय काटेरी वन हा स्वतंत्र गट आहे. आपल्याकडे हिवर, बाभूळ, खैर, बोर, तरवड आणि मधेमधे कुसळी-पवन्याचं गवत असं जे दिसतं ना, ते त्यातच बसतं. त्याला लागून वनविभागानं लावलेलं गिरिपुष्प, सुबाभूळ, कडुनिंब. म्हणजे तुलना करण्यासारख्या दोन-तीन तऱ्हेच्या जागा तुमच्या एसटीच्या टप्प्यात आहेत. ज्या जंगलावर ढीगभर लिहिलं गेलंय तिथं जाऊन आणखी एक यादी करण्यापेक्षा, ज्याला कुणी जंगल म्हणत नाही तिथली माती उपसणं मला जास्त मोलाचं वाटतं.

आता मुख्य मुद्दा. सापळ्यांच्या आधी वेळ ठरवा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या आपल्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरचा. जून-जुलैत दोन सरी येतात आणि मग आभाळ कोरडं. शेतकरी 'खंड पडला' म्हणतो तो हाच. पण बहुतेक प्रबंध कोकण-घाटाकडच्या पद्धतीनं लिहिलेले असतात, त्यात 'मान्सून: जुलै' असं छापलेलं असतं. मीही पहिल्या वर्षी ते डोळे मिटून मानलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, नेमक्या खंडात, एका काटेरी रानात बारा खड्डे घेतले. बारा खड्ड्यांत मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या अळ्या आणि काही मुंग्या. मी ऐटीत टिपण लिहिलं की इथली माती जीवदृष्ट्या अत्यंत गरीब आहे. हस्ताचा पाऊस झाल्यावर ऑक्टोबरात त्याच रानात, आधीच्या खड्ड्यांपासून दोन हातांवर पुन्हा खणलं, तर पहिल्या तीन खड्ड्यांतच जुलैच्या बारा खड्ड्यांहून जास्त जीव निघाले. ते टिपण मी अजून जपून ठेवलंय, विद्यार्थ्यांना दाखवायला. जुलैत ते कीटक मेले नव्हते, निघूनही गेले नव्हते. काही खोल उतरले होते, काही भेगांमध्ये होते, काही अंड्यांत होते. मी मोजली होती ती ओल, आणि नाव दिलं होतं विविधतेचं.

म्हणून आपल्या भागात नमुना घ्यायचा तो कॅलेंडर बघून नाही, वाफसा बघून. वाफसा म्हणजे काय हे तुमच्या घरात कुणी शेती करत असेल तर त्यांना विचारा, ते माझ्यापेक्षा बरं सांगतील: माती ना चिखल, ना ढेकूळ. मूठभर माती दाबून गोळा करा. गोळा व्हावा आणि टिचकी मारली की फुटावा. काळ्या मातीत पावसानंतर चार-पाच दिवसांनी, मुरमाड जागेत त्याच्याही आधी ही अवस्था येते. मी असे तीन फेरे सुचवते: मेच्या शेवटी कडक कोरड्यात एक, मृग-आर्द्रातला पहिला जमिनीत मुरणारा पाऊस झाल्यावर आठवड्याभरात दुसरा, सप्टेंबरचा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात तिसरा. जमलंच तर जानेवारीत चौथा, नाही जमला तरी रडू नका. मात्र दर फेऱ्याला 'शेवटच्या चांगल्या पावसानंतर किती दिवस' हा आकडा वहीत हवाच.

आणि ओल हातानं चाचपून लिहू नका, मोजा. प्रत्येक जागेची थोडी माती बंद डबीत आणायची, वजन करायचं, १०५ अंश सेल्सियसला चोवीस तास भट्टीत ठेवून पुन्हा वजन. समजा ५० ग्रॅमची ४१ ग्रॅम झाली, तर ९ भागिले ४१, म्हणजे २२ टक्के. एवढंच. सोबत पाच सेंटिमीटर खोलीवरचं तापमान, पाचोळ्याची जाडी, सामू (pH) आणि सेंद्रिय कर्ब असले की पुरे. सोळा घटकांचे तक्ते भरून प्रबंध जाड होतो, शहाणा होत नाही.

तुम्ही 'कीटक' म्हणताय तर त्यात काय धरणार हेही आत्ताच ठरवा. मृगाचा किडा घ्या. पहिल्या पावसानंतर लाल मखमलीचा ठिपका मातीवर चालताना दिसतो, लहानपणी आपण सगळ्यांनी तो काडेपेटीत ठेवलाय. तळहातावर घेऊन पाय मोजा: आठ. तो कीटक नाहीच, कोळ्यांच्या भाऊबंदांतला माइट आहे. आणखी गंमत म्हणजे त्याच्या पिल्लाला सहाच पाय असतात आणि ते दुसऱ्या किड्यांच्या अंगावर चिकटून जगतं, म्हणून नवशिक्याच्या ट्रेमध्ये पिल्लू कीटकांत जातं आणि आई कोळ्यांत. पैसा, गोम, विंचू हेही कीटक नव्हेत. आणि मातीत ज्यांचे थवेच्या थवे निघतात ते स्प्रिंगटेल, पोटाखालचा चिमटा सोडून उडी मारणारे, त्यांना सहा पाय असूनही आता कीटकांपासून वेगळं धरतात. माझं मत विचाराल तर शीर्षकात 'मातीतील संधिपाद' (सांधे असलेल्या पायांचे प्राणी, त्यात हे सगळे येतात) घ्या आणि सगळे मोजा. मुंग्या, वाळवी, भुंगेरे यांचं पुढं बारकाईनं करा, बाकीच्यांचे नुसते गट. गाईड शीर्षक बदलू देत नसतील तर निदान बाकीच्यांना फेकून देऊ नका, वेगळ्या बाटलीत ठेवा.

पद्धतींकडे वळते. दहा महिन्यांत दोनच नीट होतील: मातीचा चौकोनी ठोकळा आणि जमिनीत पुरलेला पेला. बाकीच्या जमल्या तर.

ठोकळा म्हणजे २५ बाय २५ सेंटिमीटरचा, ३० सेंटिमीटर खोल मातीचा तुकडा. उष्णकटिबंधातल्या मातीच्या कामात हे माप जगभर वापरतात. दहा-दहा सेंटिमीटरचे तीन थर वेगवेगळ्या घमेल्यांत काढायचे, पांढऱ्या कापडावर पसरून हातानं निवडायचं, आलेल्या आकड्याला १६ नं गुणलं की एका चौरस मीटरचा आकडा. ऐकायला सोपं आहे. मुरमाड माळावर मात्र पंधरा-वीस सेंटिमीटरला पहार टणकन वाजते, खाली खडकच. तिथं खोटा तिसरा थर लिहू नका. जेवढं खोल गेलात तेवढं लिहा आणि तुलना वरच्या दहा सेंटिमीटरांची करा. आणि खड्डा खणायला लागायच्या आधी वरचा पाचोळा झटकन उचलून पिशवीत भरा. कुदळीचा पहिला घाव बसताच झुरळं, कानात जातो म्हणतात तो चिमटेवाला किडा, चपळ मुंग्या, सगळे पसार होतात, आणि मग आपल्या यादीत फक्त मंद प्राणी उरतात. खड्ड्याभोवती आधी चर मारून घेतला तर आणखी बरं.

ठोकळ्यात तुम्हाला इंग्रजी 'सी'च्या आकारात वळलेल्या पांढऱ्या अळ्या हमखास मिळतील. लगेच 'हुमणी' लिहून मोकळं होऊ नका. ऊसवाल्यांच्या पट्ट्यात राहिल्यामुळे आपल्याला ती सवय आहे, पण शेणावर जगणाऱ्या आणि कुजक्या लाकडात राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्याही अशाच दिसतात. अळीचं शेवटचं टोक भिंगाखाली धरा. तिथं खालच्या बाजूला बारीक केसांची नक्षी असते. दोन समांतर ओळी, कधी नुसता विखुरलेला पुंजका. त्या नक्षीवरून गट वेगळे काढता येतात. आणि रोहिणी-मृगाच्या वळवानंतर संध्याकाळी कडुनिंबाच्या, बाभळीच्या झाडाखाली बॅटरी घेऊन उभ्या राहा. त्याच अळ्यांचे आईबाप पाल्यावर घोंगावत आलेले असतात. त्यातले दोन-चार ओळख पटवायला ठेवले की अळ्यांचं कोडं बरंच सुटतं.

आता पेला, म्हणजे पिटफॉल सापळा. यावर मला जास्त बोलायचंय, कारण हा सगळ्यांना सोपा वाटतो आणि काळ्या मातीत हाच सर्वांत जास्त फसवतो. काळी माती उन्हात आकसते, पाण्यानं फुगते. मे महिन्यात तुम्ही पेला जमिनीच्या पातळीत अगदी नीट बसवून आलात, तरी दोन-तीन दिवसांत भोवती फट पडते आणि किडा पेल्याऐवजी फटीत उतरतो. पावसात उलटं. माती फुगून पेल्याला खालून ढकलते, कड जमिनीच्या दोन-तीन मिलिमीटर वर येते. आपल्याला ती दिसतही नाही, पण तीन मिलिमीटरच्या मुंगीला तो पुरुषभर उंचीचा तट असतो. एकदा मी सकाळी गेले तर चाळीसपैकी निम्मे पेले असे डोकी वर काढून बसले होते आणि त्यांच्या भोवतीच्या ओल्या मातीवर मुंग्यांची रांग बिनघोर वळसा घालून चालली होती.

यावर उपाय असा. प्लंबरकडून तीन इंची पीव्हीसी पाइपचे दहा-बारा सेंटिमीटर लांबीचे तुकडे कापून घ्या. ते सर्वेक्षणाच्या आठवडाभर आधी जमिनीत ठोकून ठेवा आणि तोंडाला झाकण लावा. आधी का, तर ताज्या उकरलेल्या मातीकडे मुंग्या जास्त येतात आणि पहिल्या दोन दिवसांचे आकडे फुगतात. मग प्रत्यक्ष फेऱ्याच्या दिवशी आत बरोबर बसेल असा पेला सरकवायचा, कडेच्या फटीत बोटानं ओली माती लिंपायची. पाइप वर्षभर तिथंच राहतो, तुमची जागाही पक्की राहते. दर फेऱ्याला कड पुन्हा तपासा. पाइपही थोडा हलतो, पण पेल्याइतका नाही.

पेल्यात एक तृतीयांश द्रव. प्रोपिलीन ग्लायकोल परवडलं तर उत्तम. गाडीच्या कूलंटमधलं एथिलीन ग्लायकोल काही जण वापरतात, ते मुळीच नको: गोडसर असतं आणि विषारी असतं, कुत्रं, खोकड, शेळी कुणीही पिऊन मरेल. स्वस्तात मिठाचं दाट पाणी चालतं, त्यात बिनवासाच्या साबणाचे दोन थेंब, म्हणजे पृष्ठताण मोडतो आणि किडा बुडतो. लिंबाच्या वासाचा भांडी घासायचा साबण टाकलात तर वासामुळे कोण आलं आणि कोण आलं नाही हे कळायला मार्ग नाही. वर तीन खिळ्यांवर टेकवलेली ताटली, जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर उंच, पावसासाठी. आणि तोंडावर कोंबड्यांच्या खुराड्याची मोठ्या भोकांची जाळी, नाहीतर पावसाळ्यात बेडकं आणि एरवी सरडे, चिचुंद्र्या आत पडतात. सापळा ४८ किंवा ७२ तास, पण सगळीकडे आणि दर फेऱ्याला सारखाच.

मेंढरांचं काय करायचं याला शास्त्रीय उत्तर नाही. मिठाचा वास लागला की ती तोंड घालतातच. मी जागा निवडताना आधी धनगरांना विचारते की कळप कुठनं जातो. एकदा एक मेंढपाळ बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत होता, मग म्हणाला, "काय करालाव बाई, मुंग्या मोजालाव का?" हो म्हटलं. तर त्यानं हात धरून न्यावं तसं तीनशे पावलांवर नेलं आणि दाणे साठवणाऱ्या मुंग्यांची सात-आठ बिळं दाखवली, प्रत्येकाभोवती गवताच्या भुशाचं सोनेरी कडं. मी त्या रानात दोन दिवस फिरत होते, मला एकही दिसलं नव्हतं. त्या खेपेला त्यानं कळप दुसऱ्या वाटेनं नेला.

पेल्याच्या आकड्यांचा अर्थ लावताना जपून. पेला संख्या मोजत नाही, हालचाल मोजतो. जो जास्त पळतो तो जास्त पडतो. उन्हाळ्यात काळे, जाड पाठीचे भुंगेरे रात्रभर फिरतात म्हणून दिसतात. मातीत पडून असलेली अळी पेल्यात कधीच येणार नाही. म्हणून ठोकळा आणि पेला दोन्ही हवेत, आणि त्यांचे आकडे एका बेरजेत घालायचे नाहीत.

सूक्ष्म जिवांसाठी बर्लेसे-टुलग्रेन नरसाळं. इटलीच्या बर्लेसेनं १९०५ मध्ये ते काढलं, पुढे स्वीडनच्या टुलग्रेननं त्यावर विजेचा दिवा टांगला. वर दिवा, मधे चाळणीवर माती, खाली अल्कोहोल. माती वरून तापत-वाळत जाते तसे जीव खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. मातीचा तुकडा चाळणीवर उलटा ठेवायचा, म्हणजे रानात वर असलेली बाजू खाली, त्यांना त्यांच्याच वाटांनी बाहेर पडता येतं. काळ्या मातीला घाई चालत नाही: मोठा दिवा लावला की वरचा थर भाजून विटेसारखा होतो आणि आतले आतच वाळतात. २५ ते ४० वॅटचा दिवा, आधी उंच, रोज थोडा खाली, पाच-सहा दिवस. एका वर्षी माझ्या विद्यार्थ्यांनी सगळी नरसाळी मांडली, आठ दिवसांनी बाटल्या स्वच्छ. किडा नाही, काही नाही. मी माती हातात घेतली तर अजून ओलसर! दुकानदारानं पिवळ्या उजेडाचे एलईडी दिवे दिले होते. उजेड भरपूर, ऊब नावाला. आता पूर्वीचे तारेचे दिवे शोधावे लागतात. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला अजून वापरतात, तिकडे चौकशी करा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर किती तास गेली ते लिहून ठेवा आणि तेवढे तास वाढवा.

विंकलर पिशवीला वीज लागत नाही. पाचोळा एक सेंटिमीटरच्या चाळणीतून चाळायचा, जाळीच्या थैलीत भरून कापडी पिशवीत ४८ तास टांगायचा. जीव स्वतःच चालत बाहेर येतात आणि खालच्या बाटलीत पडतात. परदेशी पिशवी महाग, पण सोलापुरात असताना ती कुणी विकत का घ्यावी! शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम करणाऱ्या एका शिंप्यानं मला उरलेल्या कापडातून आठ पिशव्या शिवून दिल्या, अजून टिकून आहेत. फक्त उघड्या माळावर ही पद्धत निरुपयोगी, चाळायला पाचोळाच नसतो. गिरिपुष्पाखाली, कडुनिंबाखाली आणि तेही पावसानंतर वापरा.

वाळवीसाठी पावसाळी जंगलात शंभर मीटर लांब, दोन मीटर रुंद पट्टा आखून, त्याचे वीस भाग करून, प्रत्येक भागात ठरावीक वेळ शोधायची रीत आहे. आपल्याकडे तो पट्टा ऑक्टोबरातच घ्या, मेमध्ये कोरडा जाईल. आणि पट्टा घेण्याआधी वाळलेली शेणाची पोवटी उलटून बघायला शिका. वरून नुसता करडा, ऊन खाल्लेला गोवरीचा तुकडा. उलटला की खालच्या बाजूला ओल्या मातीचे पातळ पापुद्रे, त्यात पेन्सिलीच्या टोकाएवढे बोगदे, आणि बोगद्याच्या तोंडाशी पिवळसर डोक्याचा सैनिक जबडे उघडून उभा. कामकरी एव्हाना आत पळालेले असतात. तो सैनिक आधी उचला. वाळवीची ओळख मुख्यत्वे सैनिकाच्या डोक्यावरून आणि जबड्यावरून पटते. नुसते कामकरी भरलेली बाटली कुणाच्या उपयोगाची नाही. पाहून झालं की पोवटी होती तशी पालथी ठेवा.

किती नमुने? सुरुवातीला सगळे हौसेनं शंभर पेले लावतात आणि डिसेंबरात न निवडलेल्या बाटल्यांच्या ढिगापुढे बसतात. एक पेला निवडायला नवख्या हाताला तासभर लागतो. माझा हिशेब: दोन तऱ्हेच्या जागा (काटेरी रान आणि लागवड), प्रत्येकीचे पाच ठिकाणं, एकमेकांपासून निदान दोन-तीनशे मीटर दूर. प्रत्येक ठिकाणी दहा-दहा मीटरवर चार पेले आणि दोन ठोकळे. म्हणजे फेऱ्याला चाळीस पेले, वीस ठोकळे. तीन फेऱ्यांत १२० आणि ६०. सोबत मैत्रीण असली तर दोघींनी मिळून पार पडतं. एक गोष्ट परीक्षक हमखास विचारतात, आणि बरोबरच विचारतात: एकाच रानात वीस पेले लावून 'माझे वीस नमुने' म्हणता येत नाही. तो एकच नमुना, वीस वेळा चाखलेला. हर्लबर्ट या पर्यावरणशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये या चुकीवर झोड उठवली, तरी ती दरवर्षी होते. तुमचा नमुना म्हणजे ठिकाण. जागांची तुलना करताना चार पेल्यांचे आकडे ठिकाणनिहाय एकत्र धरायचे.

मुंग्यांची गोष्ट आणखी वेगळी. एखादा पेला वारुळाच्या तोंडाशी पडला की त्यात सहाशे मुंग्या, बाकीच्यांत पाच-पाच. सरासरी काढलीत की ती एक मुंगी सगळं रान व्यापून बसते. म्हणून मुंग्या आणि वाळवीसाठी 'किती' सोडा, 'किती पेल्यांत' हे मोजा. त्यावरच न सापडलेल्या जातींचा अंदाजही काढता येतो. संख्याशास्त्रज्ञ अॅन चाओ यांची रीत आहे: समजा तुम्हाला ३८ प्रकार मिळाले, त्यातले १२ फक्त एकाच पेल्यात आणि ६ बरोबर दोन पेल्यांत आले. १२ चा वर्ग १४४, त्याला ६ च्या दुपटीनं म्हणजे १२ नं भागा, आले १२. म्हणजे रानात निदान पन्नासेक प्रकार असावेत. 'एकदाच दिसलेले' जितके जास्त, तितकी तुमची यादी अपुरी. हा एक आकडा आणि जाती-संचयाचा आलेख (नमुने वाढतील तसे प्रकार किती वाढत गेले ते दाखवणारा), हे शॅनन-सिम्पसनच्या विविधता-निर्देशांकांच्या नुसत्या कोष्टकापेक्षा खूप बोलकं असतं.

जातीपर्यंत ओळख? नको. होणारही नाही, आणि ओढूनताणून लावलेलं चुकीचं लॅटिन नाव हे 'प्रकार ७' पेक्षा वाईट. सगळे गणापर्यंत, भुंगेरे कुळापर्यंत, मुंग्या प्रजातीपर्यंत (जातीच्या वरची पायरी, इंग्रजीत जीनस) म्हणजे कॅम्पोनोटस, फेडोले, मोनोमोरियम इथवर न्या, पुढे दिसण्यावरून 'फेडोले १', 'फेडोले २' असे क्रमांक द्या. फेडोलेत मोठ्या डोक्याच्या आणि लहान डोक्याच्या कामकरी एकाच वारुळात असतात, त्यांना दोन प्रकार समजू नका. अळी आणि तिचा भुंगेरा हेही दोन नव्हेत. प्रत्येक क्रमांकाचा एक नमुना टाचणीवर किंवा बाटलीत कायम ठेवा आणि त्याचा फोटो वहीत चिकटवा, नाहीतर मेमधला 'फेडोले २' ऑक्टोबरात 'फेडोले ४' होतो. शेवटी अडलेले दहा-वीस नमुने पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथं दाखवायला न्या. आधी पत्र पाठवून, नीट लेबलं लावून.

परवानगीचं आजच सुरू करा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात (१९७९ पासूनचं आहे) संशोधनासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली परवाना लागतो, त्याला महिने जातात. शिवाय माळावरचे कितीतरी पक्षी पावसाळ्यात जमिनीवर अंडी घालतात. ऐन तेव्हा आपण कुदळी घेऊन शिरावं हे मलाच पटत नाही. अभयारण्याबाहेरचं राखीव वन घ्या, महाविद्यालयाच्या शिक्क्याचा अर्ज उपवनसंरक्षकांकडे. तोवर गायरानात किंवा ओळखीच्या कुणाच्या पडीक रानात चार पेल्यांची रंगीत तालीम करून घ्या.

पायात बूट हवेत, चप्पल नाही. दगड उलटायचा तो पलीकडची कड धरून आपल्या दिशेला, म्हणजे खाली फुरसं किंवा विंचू असला तर त्याची वाट आपल्या विरुद्ध बाजूला उघडते आणि दगड मधे ढालीसारखा राहतो. हात घालून कधीच नाही.

नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनएचं काही करायचा विचार असेल तर ९५ टक्के, आणि फॉर्मलिन कशालाच नको. अल्कोहोल महाविद्यालयाच्या नावानंच मिळतं, तेव्हा मागणी आधी टाका. आणि लेबल बाटलीच्या आत, जाड कागदावर, शिसपेन्सिलीनं. माझ्या एका विद्यार्थ्यानं सुबक अक्षरात बॉलपेननं लिहिलं होतं. महिन्याभरानं बाटल्यांत फिकट निळं अल्कोहोल, कोरे कागद, आणि कुठल्या रानातले ते कुणालाच माहीत नाहीत असे पन्नासेक पेल्यांतले किडे. बाहेर चिकटवलेला कागद तर अल्कोहोल सांडलं की गळून पडतो. लेबल असं असू द्या: सोलापूर, उत्तर सोलापूर तालुका, काटेरी रान, ठिकाण ३, पेला २, १४ ते १७ ऑक्टोबर आणि साल, पावसानंतर ६ दिवस, ओल २२ टक्के, गोळा करणाऱ्याचं नाव.